औषधाचं तेवढं खोटं

मी लालबागेतल्या शोभाकाकूंची गुन्हेगार आहे. गुन्हा केला तो गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी, भरल्या सभागृहात, हातात माइक घेऊन. परवापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. संघटनेत नाही, घरी नाही. काकूंचं नाव मात्र या वेळी त्यांना विचारून लिहिते आहे. म्हणाल्या, "लिही. आता झाकायचं काय राहिलं?"

तुम्ही मला पाहिलं असेल. बसस्टँडवर पत्रकं वाटणारी, ती मी. नळाला पाणी नाही — पत्रक. शेताच्या कागदावर बाईचं नाव नाही — पत्रक. आमच्या संघटनेत एक नियम आहे: छापलेली प्रत्येक ओळ चौकात उभं राहून खरी करून दाखवता आली पाहिजे. या नियमाचा मला माज होता. हो, माजच. दुसरा शब्द शोधत बसत नाही.

काकूंकडे मी गेले तीही पत्रक घेऊनच. शेताच्या कागदावर बायकांची नावं लावा म्हणून सह्या गोळा करत होते. काकांची केळी नदीपलीकडे जैनाबादला, घर इकडे लालबागेत. सही राहिली बाजूला, काकूंनी मला ओट्यावर बसवलं आणि हसत म्हणाल्या, "माझं कुठं नाव लावती व बाई? मी तर पिलबाग."

केळीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. घड उतरला की केळीचं मूळ झाड कापतात आणि त्याच्या बुडाशी आलेलं एक पिल राखतात. त्यावर जो दुसरा बाग उभा राहतो, तो पिलबाग. काकू म्हणजे काकांची दुसरी बायको. पहिली वारली, तिची मुलगी मंगल तेव्हा लहान होती. "पयली गेली, तिच्या बुडाशी मले ठेवलं," म्हणायच्या. आणि मंगल समोर आली की तिच्या पाठीत धपाटा घालून, "पण घड पाहा माझा! पिलबागेला असा घड पाहिला का कुठं?" मंगल लाजायची. "माय, पुरे ना." माय म्हणायची ती त्यांना. हे लक्षात ठेवा.

मी जात राहिले. पुढे सह्यांसाठी नाही, ऐकायला. आणि एकदा काकूंनी मला ती गोष्ट सांगितली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मंगल तापाने फणफणलेली, काका शेतावर. औषधाची बाटली काकूंच्या हातात — आणि एक क्षण मनात आलं, ही नसली तर हे घर माझं एकटीचं. "एकच घडी, बेटा. मग बूच अशा घाईनं काढलं की अर्धं औषध चादरीवर सांडलं. उरलेलं पाजलं आणि रात्रभर तिच्या पायाशी बसली." हे त्यांनी काकांनाही सांगितलेलं नव्हतं. मला का सांगितलं? मी ऐकत होते म्हणून. मी चांगली मुलगी वाटले म्हणून.

मी त्याची कथा केली.

नाव बदललं. गाव बदललं. नवऱ्याला केळीच्या शेतातून उचलून कापडाच्या दुकानात बसवलं. मोठी हुशार समजत होते स्वतःला — आता कोण ओळखेल? पण 'पिलबाग' सोडवेना. इतका सुंदर शब्द, आणि असा कुणाच्या तोंडी आहे? कापड दुकानदाराच्या बायकोच्या तोंडी मी पिलबाग घातला, कथेला नावही तेच दिलं. अख्ख्या लालबागेत स्वतःला पिलबाग म्हणवणारी बाई एकच होती, हे मला माहीत नव्हतं का? होतं.

आणि शेवट. कथेला शेवट लागतो ना! खऱ्या काकूंनी औषध पाजलं, पोरगी बरी झाली, संपलं — यात काय वाचणार लोक? म्हणून माझ्या कथेतली बाई बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवते आणि सकाळपर्यंत काढत नाही. पोरगी वाचते, पण नशिबाने. ते लिहिताना मला अंगावर काटा आला होता. स्वतःच्याच लिहिण्यावर. आज त्या काट्याची किळस येते.

कथा दिवाळी अंकात आली, बक्षीस लागलं, संघटनेने सत्कार ठेवला. काकू आल्या, नवी साडी नेसून. मंगलला घेऊन आल्या. ती डोईफोडियाला दिलेली, दिवाळीला माहेरी आली होती, पोटुशी. दोघींनीही कथा वाचलेली नव्हती. आपल्या गल्लीतल्या पोरीचा सत्कार म्हणून पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

अध्यक्षांनी विचारलं, "बेटा, ही बाई खरी आहे का?"

काय सोपं होतं! कथा आहे, म्हणायचं. थोडं खरं, थोडं रचलेलं. पण मी पत्रकवाली ना? मी माइक ओढून घेतला आणि ठणकावलं, "यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी हवेतलं लिहीत नाही." टाळ्या. काकूंनीही वाजवल्या.

टेबलावरचा अंक मंगल घरी घेऊन गेली.

दोन-तीन दिवसांनी काकू दारात उभ्या. चिडलेल्या नव्हत्या — चिडल्या असत्या तर मला बरं पडलं असतं. म्हणाल्या, "मंगल सासरी निघून गेली. बाळंतपणाला येत नाही म्हणते. सख्ख्या मावशीकडं जाती खांडव्याला. तू तेवढं सांग तिला. बाकीचं राहू दे, ते मी बोललीच होती. औषधाचं तेवढं खोटं आहे, तेवढं सांग."

मी काय म्हणाले असेन?

"काकू, ती कथा आहे. त्यात पात्रं असतात."

"पात्राला राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "पोरगी माझी आहे."

मी गेले नाही. पाण्याच्या प्रश्नावरून आमचं भांडण तापलं होतं, आमची पत्रकं खोटी आहेत असं समोरचे ओरडत होते. अशात मी एक ओळ खोटी लिहिली म्हणून कबूल करायचं? चळवळीचं नुकसान होईल — असं मी स्वतःला सांगितलं. चळवळ कसली? कपाटावर बक्षिसाची ट्रॉफी होती. शब्द न् शब्द खरा म्हणून मिळालेल्या टाळ्या होत्या. त्या मला परत द्यायच्या नव्हत्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणाला ठरवावंही लागत नाही. काकूंनी डिंक आणून ठेवला होता, पाळणा उतरवून पुसून ठेवला होता. मंगल खांडव्याला बाळंत झाली. 'तिच्या हातचं औषधपाणी नको,' असं मावशीने सगळ्या नातलगांत सांगितलं. गल्लीतल्या बायका नळावर काकूंना पिलबाग म्हणू लागल्या — त्यांचाच शब्द, त्यांच्याच अंगावर. आता त्या स्वतः तो कधी उच्चारत नाहीत. आणि मंगल फोनवर बोलते ती फक्त काकांशी. माय म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

मध्ये एकदा मी डोईफोडियाला गेलेही होते. मंगलच्या हातचा चहा प्याले, तिचा मुलगा कडेवर घेतला, हवापाण्याचं बोलले आणि परतले. एवढी माझी हिंमत. चौकात गळा फाडून ओरडणारी मी!

परवा पुन्हा गेले. बसले आणि सांगून टाकलं. औषध तुझ्या मायने दिलं होतं, डब्यामागची बाटली माझी आहे.

मंगल गव्हातले खडे निवडत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "आता मला एकटीला सांगती? माझ्या सासूनं वाचलं, मावशीनं वाचलं, साऱ्या लालबागेनं वाचलं. त्यांच्यासमोर तर माइकवर बोलली होती ना?"

म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तेव्हा का गेले नाही, याचं जे काही मी वर लिहिलं ते कारण आहे, सबब नाही. माफी मी काकूंकडे मागितली नाही, तुमच्याकडेही मागत नाही. ट्रॉफी परत करून आले आहे, त्याचंही कौतुक नको.

पण तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून एक काम तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्ही करायचं आहे. घरात तो अंक असेल तर काढा. पिठाचा डबा जिथे येतो, त्या परिच्छेदावर पेनाने काट मारा, जाड. नळावर, ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत कुणी शोभाकाकूंना पिलबाग म्हणालं, तर तिथल्या तिथे अडवा. आणि माझ्या माइकपेक्षा मोठ्या आवाजात सांगा — तिने औषध दिलं होतं. त्याच घडीला दिलं होतं.