निरुपयोगी योजनांची यादी

आमच्या ब्लॉक ऑफिसातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. कागद कोणाच्या हाती लागेल याचा तेव्हा भरवसा नव्हता. बोललेलं नाकारता येतं, लिहिलेलं नाकारता येत नाही, हे मी आवक-जावक कारकून म्हणून पहिल्याच महिन्यात शिकलो. त्यामुळे सगळं डोक्यातच साचत गेलं. आता रिटायर झाल्यावर चहाला बसलो की एकामागून एक बाहेर पडतं. ऐका तर मग.

*

आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याला दोनेक वर्षं झाली होती. नागपूरची सवय मोडली नव्हती आणि मुंबईची लागली नव्हती. अशात दसऱ्याच्या सुमारास विधानसभेच्या एका समितीचं पत्र आलं. ज्या योजनांवर पैसा जातो आणि उपयोग काही नाही, त्या शोधून बंद करायच्या. त्यासाठी आमदार स्वतः गोंदियाला येणार.

पत्रावर 'गोपनीय' असा शिक्का होता. मी ते साडेदहाला फोडलं. अकरा वाजता चहावाला मला विचारतो, "बाबूजी, आपका दफ्तर बंद हो रहा क्या?"

मी कोणाला काही बोललो नव्हतो. हेडक्लार्क तिवारी शपथेवर सांगत होते की तेही बोलले नाहीत. त्या दिवसापासून तिवारी माझ्याकडे संशयाने बघत, मी तिवारींकडे, आणि आम्ही दोघं मिळून चपराश्याकडे.

*

बी.डी.ओ. साहेबांनी हुकूम काढला. प्रत्येकाने आपल्या टेबलावरची सर्वांत निरुपयोगी योजना बंद लिफाफ्यात कळवायची.

सगळ्यांचे लिफाफे आले. एकानेही स्वतःची योजना लिहिली नव्हती! कंपोस्टवाल्याने कोंबड्यांची लिहिली, कोंबड्यांवाल्याने चुलींची. साहेबांनी सगळे लिफाफे वाचले आणि म्हणाले, "एकमेकांचं काम किती बारकाईने बघता रे तुम्ही."

सर्वांत जास्त नाव आलं कटरेचं. कटरे आमचा शेती मदतनीस. शेतकऱ्यांना जपानी पद्धतीची धानशेती शिकवायचा, म्हणजे दोरी ताणून सरळ रांगेत रोवणी. पोस्ट टेम्पररी, योजनेला बांधलेली. योजना गेली की कटरे गेला. घरी बायको, चार लेकरं, म्हातारी आई, आणि गावची जमीन थोरल्या भावाच्या ताब्यात. माणूस ऑफिसात कमी आणि चिखलात जास्त असायचा, त्यामुळे त्याची बाजू घेणारं कोणी नव्हतं.

यादी मी टाइप केली. संध्याकाळी कटरे माझ्या टेबलाशी आला. "भाऊ, माह्या योजनेचं नाव आहे का जी त्यात?"

"मले काय माहीत? बंद लिफाफे होते," मी म्हणालो.

पहिलं नाव त्याचंच होतं. आणि एका लिफाफ्यात ते मी लिहिलं होतं. मला खरंच वाटायचं की याच्या रांगा रस्त्याकडेलाच असतील, आत सगळा पहिल्यासारखा गोंधळ. याची अजूनही लाज वाटते.

*

समितीचे अध्यक्ष वकील होते, दूर ज्वारीच्या मुलखातले. समोरचा माणूस खोटंच बोलतो असं धरून प्रश्न विचारायचे. हातात कायम एक लाल वही, सरकारसाठी धानाची लेव्ही वसूल करणाऱ्यांकडे असायची तशी.

पहिल्या दिवशी ग्रामसेविका कुसुमताईंनी त्यांना एका घरातली बिनधुराची चूल दाखवली. स्वच्छ सारवलेली, पुढे रांगोळी. अध्यक्षांनी धुराड्यात डोकावून पाहिलं. भिंतीवर बोट फिरवलं, ते उजेडात नेऊन बघितलं. काळं काही नाही. तरी संशय फिटेना. घरच्या बाईला म्हणाले, "खरं सांगा, धूर होतो की नाही?"

"नाही जी."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. दोन वर्सं झाली, बसवली तशीच हाये."

अध्यक्षांनी वहीत 'उपयुक्त' असं लिहिलं. निघताना माझी नजर परसात गेली. तिथे तीन दगडांवर भात शिजत होता. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आभाळाकडे.

*

दुसऱ्या दिवशी दवनीवाड्याला कटरेची शेतं बघायला गेलो. अध्यक्ष रस्त्यावरून बघायला तयार होईनात. "कडेच्या रांगा सगळेच सरळ करतात," असं म्हणाले. अगदी माझ्या मनातलं बोलले. धोतर खोचून शिरले ते बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत. मागे आम्ही सगळे. बी.डी.ओ. साहेबांचा एक बूट बहुतेक अजून तिथेच असेल.

रांगा शेवटपर्यंत सरळ होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्ष मात्र आणखीच बिथरले. "इतकं सरळ? हे आम्ही येणार म्हणून आठ दिवसांत लावून घेतलंय."

धान लोंब्यांवर आलं होतं! कटरे हात जोडून म्हणाला, "साहेब, हे आखाडात रोवलं. तुमचं पत्र तर दसऱ्याले आलं."

"पत्र कधी आलं तेही तुम्हाला माहीत आहे," अध्यक्ष म्हणाले. "ते गोपनीय होतं." आणि वहीत लिहून घेतलं.

*

मग शेतकऱ्यांना चावडीवर बोलावलं. आम्ही पढवू नये म्हणून आम्हाला चार हात लांब उभं केलं. पहिला आला दशरथ बिसेन. गावात कटरेची दोरी सर्वांत आधी धरणारा हाच. कटरेच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"जुन्या पद्धतीपेक्षा जास्त पिकतं ना?" अध्यक्षांनी विचारलं.

दशरथ त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे वहीवर. "कायचं जास्त जी. कमीच होते."

"पण शेत तर चांगलं दिसतंय."

"दिसते. दाना नाही भरत."

"मग दरवर्षी लावता कशाला?"

"कटरेबाबू येते, दोरी लावते. सरकारी मानसाले नाही कसं म्हनाव?"

त्याच्यामागून आलेले सगळे तेच बोलले. एक म्हातारा तर डोळे पुसत उठला. अध्यक्षांचा साक्षीदारांवर आयुष्यात पहिल्यांदाच विश्वास बसला असावा. भराभर लिहीत होते.

परतीच्या जीपमध्ये कटरे माझ्या शेजारी होता. म्हणाला, "भाऊ, मळनीच्या वक्ताले मले कोनी खळ्यावर येऊच देत नाही. सहा वर्सं झाली. खरंच किती पिकते, हे मले एकानंबी सांगितलं नाही."

माझा संशय पुन्हा जागा झाला होता. रांगा खऱ्या, पण पीक खोटं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

*

शिमग्याच्या आधी ऑर्डर आली. बिनधुराच्या चुली आणखी गावांत बसवायच्या. जपानी धानशेती बंद.

शेवटच्या दिवशी कटरेने रोवणीची दोरी ऑफिसात जमा केली. तिवारींनी पावती द्यायच्या आधी ती हाताने मोजायला घेतली, न जाणो तुकडा कापून घरी ठेवला असेल. कटरे समोर उभा राहून बघत होता. सहा वर्षं त्याने ती खांद्यावर वागवली होती.

"पूरी है," तिवारी म्हणाले. जरा नाराजच दिसले.

*

आखाड लागला. राइस मिलमध्ये पोती उचलायचं काम कटरेने धरलं होतं, दुसऱ्या दिवसापासून जायचं होतं. मी त्याच्या नोकरीचा दाखला घेऊन घरी गेलो. खरं तर त्या लिफाफ्याबद्दल माफी मागायची होती, पण जीभ उचलत नव्हती. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. दशरथ बिसेन उतरला, खांद्यावर कोरी दोरी.

"चाला कटरे भाऊ. उद्या रोवणी काढून राहिलो. आमच्या पुऱ्या आळीची लावून द्या. मजुरी धानात देतो आमी."

कटरे जागचा हलला नाही. "मी नाही येत. साऱ्या गावासमोर म्हनलं न तुमी, दाना भरत नाही म्हनून? काऊन म्हनलं? माही नोकरी गेली, दशरथ भाऊ."

दशरथने माझ्याकडे बोट केलं. "हे कोन?"

"ऑफिसातले बाबू आहेत."

"या बाबूले जरा बाहेर जाऊ द्या."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मधे नुसता कुडाचा आडोसा, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आता तुमी सरकारात नाही न?"

"नाही."

"कागदावर पन नाही?"

"कागदावर पन नाही."

"शपत घ्या."

"लेकराची शपत."

मग दशरथ अगदी हळू आवाजात म्हणाला, "धान ठेवाले कोठ्या पुरत नाहीत, भाऊ. दोन सालांपासून घरात झोपाले जागा नाही."