घशातल्या पोरीला पाट

माझ्या घशाखाली घास उतरेना, तेव्हा मी आधी घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही." काही नाही, तर ऑफिसात डबा उघडला की घसा मिटतो कसा? पेज आणि ताकावर मी दिवस काढत होते. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते. शेवटी डॉक्टरांनीच एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला, माजिवड्याला पुलाजवळ. गेले. मी शिकलेली बाई आहे, कोपरीच्या आमच्या कोळ्याच्या घरातली पहिली पदवीधर. मनाच्या डॉक्टरकडे जायची मला लाज नाही.

लाज होती ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या आईच्या अंगात येतं. नवरात्रात आरती टिपेला गेली की तिचे केस सुटायचे, आवाज घोगरा व्हायचा. मग थोरली काकी पुढे होऊन विचारायची, "कोण आलंस? काय पायजे?" पाट मांडायचा, हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात कानात बोटं घालून बसायचे. लग्न होऊन डोंबिवलीला गेले, तेव्हा पहिलं सुख हेच वाटलेलं, की या घरात कुणाच्या अंगात येत नाही.

समुपदेशक बाई माझ्याहून लहान होत्या. त्या समजावून सांगायला लागल्या, माणूस आतून एकसंध नसतो. एक भाग रागावणारा, एक घाबरणारा, एक राखण करत बसलेला, आणि या सगळ्यांचं शांतपणे ऐकू शकणारे आपण. मला पटलं. अगदी शास्त्रीय वाटलं. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. घशाजवळ कोण बसलंय बघा. विचारा, कोण आहेस तू? तुला काय हवंय?"

मी ताडकन उठले. "मॅडम, ह्याच्यासाठी मी कॉलेज केलं? हे तर आमच्या घरी दर नवरात्रात चालतं!"

बाई हसल्या नाहीत. "काय चालतं?"

उभ्याउभ्या, तणतणत मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि पाट मांडल्यावर?"

"शांत होते ती."

"मग घशातल्याला पाट मांडला तर?"

मी म्हणणार होते, हा काय पोरखेळ. तोंडातून निघालं ते असं, "मना नाय बसायचं तिथं. सगल्या नाक धरतान."

आवाज बारीक, सतराअठराच्या पोरीचा. आणि बोली आमची, कोळीवाड्यातली, जी मी कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हाच टाकून दिलेली. अंगावर सर्रकन काटा आला. त्या पोरीला मी ओळखलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तिने डब्यात सुकट नेलेली. झाकण काढलं तशा बाकावरच्या मुली ओढण्या नाकाला लावून सरकल्या. एक म्हणाली, "अगं, खिडकी उघडा कुणीतरी." तिने झाकण लावलं ते लावलंच. पण तेव्हा त्या खोलीत मला एवढंच सुचत होतं, आलं. माझ्याही अंगात आलं.

बाई म्हणाल्या, "देवी येणं आणि हे एकच, असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण हिला हाकलू नका. आलेल्याला बसवायची रीत तुमच्या घरात आहे. आईंना विचारून बघा."

डोंबिवली राहिली बाजूला, मी थेट कोपरीला गेले. आई उंबऱ्यात सोडे, सुकवलेली कोळंबी, निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने हात थांबवलासुद्धा नाही.

"मंग? हाकलायची नसते गो. बसू द्यायची."

"आय, ती देवी नाहीये. मीच आहे ती."

"माझं तरी काय? कधी देवी असते, कधी मीच."

मी विचारलं, "म्हणजे नाटक करायचीस?"

"देवीसमोर नाटक करू? अगं, आत साठलेलं आरतीला वर येतं. एरवी तोंड उघडलं तर तुझा बापूस बोलायचा, गप बस. तेव्हा कोण बोलतो गप बस?" एक सोडा उजेडाला धरून तिने पाहिला. "तुझ्या कॉलेजाचंच घे. बापसाने तुला पोरगा बघून ठेवलेला. अष्टमीला माझ्या तोंडातून आलं, पोर शिकल, आडवा आलास तर बघ. पाया पडला माझ्या."

मी तिथेच तिच्याजवळ बसले. ऑफिसात, सासरी, जिथेतिथे मी ताठ मानेने सांगत आलेय, मी माझ्या मार्कांवर शिकले, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. मार्क होतेच, ते मी सोडणार नाही. पण माझं भविष्य ठरलं ते देवीसमोर, आणि मी भिंतीपलीकडे कानात बोटं घालून बसलेले.

"तेव्हा कोण बोललं, आय? देवी की तू?"

"मना काय ठावं? दोघींना पायजे होतं."

मग ती उठली, आतून पाट आणला आणि माझ्या शेजारी मांडला. मी त्यावर सरकायला गेले तर खेकसली, "तू नाय गो. तिला."

रिकाम्या पाटाकडे बघून मला हसू आलं आणि लगेच रडू. बाईंनी सांगितलं तसे डोळे मिटले, काकी विचारायची तसं विचारलं. उत्तर आलं ते एवढंच, डबा उघड.

मी ते आईला सांगितलं, तशी तिने कांद्यात तेच सोडे परतले, तांदळाची भाकरी टाकली. पहिल्या घासाला घसा मिटला. मी थांबले, पाटाला हात लावून. घास उतरला.

माजिवड्याला मी अजून जाते. मंगळवारी देवापुढे दिवा लावला की शेजारी पाटही मांडते. नवरा म्हणतो, आधी आईचं, आता तुझं. घसा अजून कधीकधी मिटतो. पण परवा ऑफिसात मी डब्यातून सोडे नेले. झाकण काढलं तशी पलीकडच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "खिडकी उघडू का?"

मी भाकरी मोडली. म्हटलं, "उघड की. मी जेवतेय."