सोनाळ्याचा रोही आणि हरवलेला डार्ट

"डॉक्टर, किती वेळ त्याच शिवारात फिरणार? तुमचा रोही कधीचाच पुढे निघून गेला असेल."

वनविभागाच्या रेंजचे साहेब फोनवर होते. मी सोनाळ्याजवळच्या एका कपाशीत, दोन ओळींच्या मध्ये कमरेत वाकून उभा होतो. सकाळचे अकरा वाजले होते.

"सर, अजून थोडा वेळ. इथल्या खुणा चांगल्या आहेत," मी म्हणालो.

खुणा काहीच नव्हत्या आणि मी रोही शोधतही नव्हतो. मी माझा डार्ट शोधत होतो. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुठल्या रिपोर्टात लिहिली नाही आणि घरीही सांगितली नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोकांना वाटतं, डॉक्टर गंभीर आहेत. डॉक्टर घाबरलेले असतात.

आता नीट सांगतो. मी सरकारी पशुवैद्य. गाई-म्हशी हे माझं रोजचं काम. पण डार्टगनचं ट्रेनिंग झालेलं असल्यामुळे वनविभागाला एखादं जंगली जनावर बेशुद्ध करायचं असलं की फोन मला येतो. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. पुढे सुई, मध्ये औषध, मागे लाल गोंडा. औषधाचा डोस दोनशे किलोच्या जनावराचा असतो. माणसाच्या पायात ती सुई घुसली तर काय होईल, याचा मी त्या दिवशी चार तास विचार करत होतो.

रोही म्हणजे नीलगाय. हा घोड्याएवढा नर होता. बांधावर कुणीतरी फवारणीच्या पाण्यासाठी तोंड कापलेला प्लास्टिकचा कॅन ठेवला होता. रोह्याने पाण्यासाठी त्यात तोंड घातलं आणि कॅन डोळ्यांच्या खालपर्यंत घट्ट बसला. तेव्हापासून तीन दिवस ना चारा, ना पाणी. चौथा दिवस त्याला दिसेल असं मला वाटत नव्हतं.

सकाळी सातला तो मला दिसला होता. जीप लांब थांबवून मी एकटाच गन घेऊन पोटावर सरपटत गेलो. तीस मीटर. आडवा उभा. असा चान्स मिळत नाही. मी ट्रिगर दाबला. फट्. डार्ट त्याच्या पाठीवरून गेला आणि कपाशीत कुठेतरी पडला. रोही तुरीत घुसला.

चुकलेला डार्ट आधी शोधायचा आणि सगळ्यांना सांगायचा, हा नियम मला पाठ होता. जीपपाशी आलो. वनपाल इंगळे मॅडम चहाचा थर्मास उघडत होत्या.

"काय झालं, सर?"

"गनच्या रेंजमध्येच आला नाही," मी म्हणालो.

बस. चार शब्द. मग परत फिरायची सोय उरली नाही.

त्यानंतर मी त्या दहा एकरांत असा फिरलो, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस मातीशी बोलतोय. वाकून, बसून, पानं बाजूला सारून. आमच्यासोबत केशवभाऊ होते, वनमजूर. रोह्याच्या मागावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. रोही लेंड्या ठरलेल्या जागीच टाकतो. तिथं ताज्या लेंड्या असल्या तर थांबायचं, वाळलेल्या असल्या तर पुढे जायचं. केशवभाऊंचा एवढाच हिशेब. त्यांनी ढिगाऱ्यातली एक लेंडी बोटांत चुरली.

"कडक वाळली. गेला तो इथून. तुमी काऊन थांबून राह्यले, डॉक्टरसाहेब?"

मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, "केशवभाऊ, तीन दिवस ज्याच्या पोटात काही गेलं नाही, तो ताज्या लेंड्या कुठून टाकणार?"

केशवभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "हे तं आपल्या डोक्यातच नाई आलं बा! मॅडम, डॉक्टरसाहेबाचं डोकं पाहा!"

खरं म्हणजे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मीही पहिल्यांदाच ऐकलं. गंमत म्हणजे मुद्दा बरोबर होता.

साडेअकराला साहेबांचा परत फोन. दुसऱ्या गावातून खबर आली होती, तिकडे रोही दिसला. कॅनसहित की कॅनशिवाय, ते कुणी सांगत नव्हतं. "पंधरा मिनिटांत निघा. ही ऑर्डर समजा."

म्हणजे डार्ट इथेच टाकून जायचं. मी बांधावर उभा राहिलो. समोरच्या शेतातली वेचणी संपली होती आणि दहा-बारा बाया कमरेच्या ओट्या आवळत आमच्याच कपाशीकडे निघाल्या होत्या. सगळ्यांत पुढे त्यांच्या म्होरक्या शांताबाई, हातात चप्पल घेऊन, अनवाणी.

माझा आवाज आपोआप फुटला. "थांबा! पाय टाकू नका!"

सगळ्या थबकल्या. मी इंगळे मॅडमकडे वळलो आणि सगळं सांगितलं. एका दमात. सातचा चान्स, चुकलेला नेम, चार शब्द, सगळं.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "चार तास, सर? ह्या बाया सकाळीच इकडे आल्या असत्या तर?"

मी शांताबाईंच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

मग मॅडमनी खाली वाकून मघाच्या ढिगाऱ्यातली एक लेंडी उचलली, माझ्यापुढे धरली, आणि त्यांच्या तोंडून असं हसू फुटलं, की त्यांना बांधावर बसावं लागलं. "ताज्या लेंड्या कुठून टाकणार! अहो सर, आम्ही तुम्हाला ऋषी समजत होतो!" मलाही हसू आलं. छातीवरून दगड उतरला की माणूस येड्यासारखा हसतो. केशवभाऊ तेवढे जीप वळवायला गेले होते, त्यांना काहीच कळलं नाही.

शांताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हसून काय राह्यले? सुई हरवली नं? मंग शोधू द्या आमाले. बोंडातला किडा दिसते आमाले, तुमची सुई दिसनार नाई?"

मी नियम सांगितले. पायात चप्पल, पानं सारायला हातात तुराटीची काडी, दिसलं की हात लावायचा नाही, नुसतं ओरडायचं. बायांनी वेचणीला धरतात तशी पात धरली. म्हणजे प्रत्येकीला दोन ओळी, सगळ्या एका रेषेत, पुढेमागे कुणी नाही. मी चार तास वेड्यासारखा गोल फिरलो होतो. त्या सरळ निघाल्या. मी गनमध्ये दुसरा डार्ट भरून कडेने चालत होतो.

"काय वो डॉक्टर, म्हशीले सुई टोचता तवाबी अशीच चुकते का?" एकीने विचारलं.

"म्हैस बांधलेली असते," मी म्हणालो.

"मंग ह्यालेबी बांधून घ्या लागत होतं!"

सगळी रांग हसायला लागली. तेवढ्यात टोकाची बाई किंचाळली, "सापडलीऽऽ! लाल गोंडा!"

त्या किंकाळीने शेजारच्या तुरीतून काहीतरी धाडकन उठलं. रोही! इतका वेळ दहा पावलांवर बसून होता. तोंडावर पांढरा कॅन, पाय लटपटत होते, तरी पळाला.

"थांबा, तो वळनार!" जीपकडून केशवभाऊ ओरडत आले. "रोही थोडा पळते आन् वळून पाह्यतेच!"

बांध ओलांडून तो थांबला आणि वळला. मांडी समोर होती. फट्.

या वेळी गोंडा मांडीवरच हलत राहिला. बारा मिनिटांत तो खाली बसला. आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधली, कॅन उभा कापला, सलाइन चढवलं. मग मी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. रोही उठला, डळमळला, सरळ नाल्याच्या डबक्यावर गेला आणि इतका वेळ पाणी पीत राहिला, की बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी पण वाजवल्या. इंगळे मॅडमनी वाजवल्या आणि डोळे पुसले. दोन्ही डार्ट मी मोजून पेटीत ठेवले.

पुढे पंचायतीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. साहेब भाषणात म्हणाले, "सगळे पुढे चला म्हणत असताना डॉक्टर एकाच जागी ठाम राहिले. याला म्हणतात अनुभव!" मागच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडात कोंबले होते. शांताबाई मोठ्याने म्हणाल्या, "हाव, लय बारीक नजर हाय डॉक्टरसाहेबाची!" मी मान खाली घातली. तो माझा विनय समजला गेला.

त्या जोरावर 'शोधक्षेत्र कधी सोडावे' या विषयावर मी ट्रेनिंगमध्ये सहा वेळा लेक्चर दिलं. लेंड्यांचा मुद्दा तिथे फार गाजला.

सातव्या लेक्चरला मी पहिली स्लाइड बदलली. आता तिच्यावर एवढंच आहे: जागा सोडायची की नाही, ते टीम मिळून ठरवा. पण त्याआधी टीमला खरं सांगा.