सासरचं नाव सासरी

सोलापूर, १२ मे १९७६. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उघडून आजीची निधनवार्ता शोधते आहे. आजचा तिसरा दिवस.

मी सहा वर्षांची असताना वडिलांना भुसावळला रेल्वेत नोकरी लागली आणि आम्ही सोलापूर सोडलं. गिरणीत कामाला असलेली आजी स्टेशनापर्यंत आली, गाडीत मात्र चढली नाही. "तितं मी नुसती सासूच की," म्हणाली आणि पाळी गाठायला निघून गेली. चार वर्षांनी ती वारली.

भुसावळ मला मानवलं. तिथेच शिकले, शिक्षिका झाले. भरीत आवडायला लागलं, शेंगाचटणी सुटली नाही.

आता मोडनिंबचे माझे चुलतभाऊ, आजोबांच्या भावाचे नातू वसंतदादा, घराण्याची वंशावळ लिहिताहेत. माझ्या आजोबांच्या शेजारची जागा कोरी. विधवा झाल्यावर आजी कडेवरचं पोर घेऊन मोडनिंबहून सोलापूरला गिरणीत आली, त्याचा राग तिकडे अजून आहे. "घर टाकून गेली ती. कुटं मेली, कवा मेली, लेखी काय हाय का? आण, मग लिवतो," दादा म्हणाले.

राधाबाई या आजीच्या नावाची एक ओळ सापडेना. दुपारी गठ्ठे बांधले आणि गिरणीच्या चाळीत गेले. आजीच्या हाताखाली काम शिकलेली मैमूनाबी अजून तिथेच राहते. तिनं आधी मलाच वेड्यात काढलं.

"कोण राधाबाई? तुझी आजी म्हंजी ठकूबाई की. हजेरीबाबूनं नाव इचारलं, तर बोलली, सासरचं नाव सासरी ठिवून आलेय, माहेरचं लिवा."

लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझंही बदललं होतं. तरी तीन दिवस चुकीच्या नावामागे फिरले.

वाचनालय बंद व्हायच्या आत चार ओळी मिळाल्या. 'गिरणी कामगार ठकूबाई यांचे निधन. खात्यातील स्त्रियांनी काम थांबवून अंत्ययात्रेत भाग घेतला.' त्या पानावरच्या बाकीच्या बायका कोणाच्या तरी पत्नी नाहीतर मातोश्री. आजी तेवढी स्वतःच्या नावानं गेली होती. मी ओळी उतरवून घेतल्या, खाली ग्रंथपालांची सही घेतली.

मूळ गाव कुठलं, असं कोणी विचारलं की आजवर मोडनिंब सांगायचे. यापुढे सोलापूर सांगेन.

मोडनिंब, १३ मे. सकाळी पहिल्या एस.टी.नं इथे आले. मैमूनाबीचं बोलणं ऐकून दादांनी कागद दोनदा वाचला आणि 'राधाबाई' लिहायला टाक उचलला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि कोऱ्या जागेत 'ठकूबाई' लिहिलं.