चंपाचं काय झालं

शिवलीलाच्या किराणा दुकानात कागदाची पुडी मागायची सोय नाही. अख्ख्या नळदुर्गाला हे ठाऊक आहे. हायवेवर ट्रक उभा करून आलेला एखादा नवखा ड्रायव्हर "मावशी, जुन्या पुस्तकाच्या पानात बडीशेप बांधून द्या" असं म्हणाला, की मेलाच म्हणायचा. काटा आता विजेचा आहे, पण जुनी लोखंडी वजनं तिनं गल्ल्याशेजारी मांडून ठेवलीत. कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती नाही. एकदा तिनं अर्ध्या किलोचं वजन असं भिरकावलं की ते गिऱ्हाइकाच्या कानाजवळून जाऊन समोरच्या टपरीच्या पत्र्यावर आदळलं. पोचा अजून तसाच आहे.

बाई पहिल्यापासून अशी नव्हती हो! लहानपणी ती दुकानात बसून वाचायची. तिचे वडील बंडप्पा यांना कानडी लिहितावाचता यायचं, मराठी अक्षर मात्र एक कळायचं नाही. शाळेची जुनी पुस्तकं रद्दीत आली की ढिगारा दुकानात पडायचा. सकाळी शाळेआधी गिऱ्हाईक नसलं की बाप हळद-मिरची तोलायचा आणि लेक पुस्तक वाचून दाखवायची. वाचून झालेली पानं बाप फाडायचा, त्यांच्या पुड्या व्हायच्या. असा त्यांचा रिवाज होता. वाचलेलं विकायचं, न वाचलेलं राखायचं.

सातवीत असताना एक पुस्तक आलं, कव्हर नसलेलं. नाव नाही, लेखक नाही. त्यात चंपा नावाची पोर होती, किल्लेदाराची मुलगी. किल्लेदार तिला आसुडानं फोडायचा आणि बुरुजाच्या खोलीत कोंडायचा. शिवलीलाला वाटायचं, हा आपलाच किल्ला आहे. शाळा सुटली की ती नळदुर्गाच्या बुरुजावर जाऊन खाली वाकून बघायची. पुस्तकाच्या शेवटाकडं चंपाच्या हातात सुरा आला, बाप बुरुजाच्या कडेला पाठमोरा उभा राहिला, आणि तिथं शाळेची वेळ झाली.

"आप्पा, एवढं ऱ्हाऊ द्या हां. उद्या वाचू." तिनं पुस्तक बापाच्या बैठकीखाली सरकवलं.

"पळ, पळ. मला बी ऐकायचंय, लीले," बंडप्पा म्हणाले होते.

दुसरा दिवस बाजाराचा निघाला. दुकानाला गर्दीचा वेढा. बंडप्पांनी बैठकीखालून हाताला आलं ते पुस्तक ओढलं, आणि कव्हर नसलेलं पुस्तक कुठून फाडतोय ते मराठी अक्षरओळख नसलेल्या माणसाला कसं कळावं? त्यांनी मागून फाडलं. शेवटची सगळी पानं मिरचीपूड होऊन बाजारात गेली.

शिवलीला शाळेतून आली, बैठकीखाली हात घातला, आणि जी ओरडली! तशीच बाजारात धावली. बाईबाईच्या पिशवीत हात घालू लागली. एका पाटलिणीच्या हातातली पुडी तिनं हिसकली, कागद सोडवला, पूड उधळली, ती नेमकी त्या बाईच्या तान्ह्या पोराच्या डोळ्यांत गेली. पोर गुरासारखं किंचाळायला लागलं. पाटलीण शिवलीलाला झिंज्या धरून दुकानावर घेऊन आली.

भर बाजारात बंडप्पांची अब्रू गेली. त्यांनी तागडीची दांडी काढली. पाठीवर मारलं, पायांवर मारलं. "चोरटे! गिऱ्हाइकाच्या पिशवीत हात घालतीस?" उजव्या कानावर दांडी बसली तेव्हा आतून काहीतरी फुटलं आणि मानेवर रक्त आलं. माणसं बघत उभी होती. एक जण पुढं झाला नाही, सगळे मेले होते जणू. शिवलीलानं हाताशी आलेलं दोन किलोचं वजन उचललं आणि बापाच्या हातावर घातलं. हाडाचा आवाज तिनं डाव्या कानानं ऐकला. उजवा तेव्हापासून गेलाच.

बंडप्पांची दोन बोटं वाकडी बसली. शाळा बंद झाली. वाचणं संपलं. पुढं अक्कलकोटला दिली. नवऱ्यानं पहिल्यांदा मारलं तेव्हा ती गप्प बसली. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तापलेलं उलथनं त्याच्या दंडावर टेकवलं आणि सकाळच्या एसटीनं माहेरी आली. त्या दिवशी मनातल्या मनात तिनं चंपाचा शेवटही ठरवून टाकला. चंपानं बापाला ढकललं. बस्स! दुसरं काय करणार ती?

बापलेक एका दुकानात तीस वर्षं राहिले, पण त्या पुस्तकाचा शब्द कुणी काढला नाही. रद्दीवाल्या महारुद्रला मात्र तिची ताकीद होती, जुनं गोष्टीचं पुस्तक आधी मला दाखवायचं. गेल्या महिन्यात त्यानं दुपारच्या वेळी एक गठ्ठा टाकला. तिनं एक पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि थेट शेवटाकडं पानं उलटली. तेच! कव्हरासकट, शेवटासकट. लेखकाचं नाव तिनं चाळीस वर्षांनी पहिल्यांदा वाचलं.

मग शेवटचं पान. चंपानं सुरा टाकून दिला, बापाच्या पाया पडली, दोघं गळ्यात पडून रडली. संपलं.

"मुडदा बशिवला तुझा!" ती छापलेल्या नावाला म्हणाली. ह्यासाठी तिनं कान घालवला होता? ह्यासाठी?

पंच्याऐंशीचे बंडप्पा तिच्या डाव्या अंगाला बाकड्यावर बसले होते. त्यांना दिसायचं कमी, पण लेकीचा श्वास कळायचा.

"चंपीचं का, लीले?"

ती चमकली. म्हाताऱ्याच्या ध्यानात नावसुद्धा होतं!

"काय झालं तिचं? वाच की. म्या बी चाळीस वरसं थांबलोय."

"न्हाय वाचणार."

"वाच गं. पाया पडतो."

तिचं डोकं फिरलं. ऐक तर मग! तिनं पान डोळ्यांपुढं धरलं आणि खडखडीत आवाजात वाचलं, पानावर नसलेलं. चंपानं दोन्ही हातांनी बापाला ढकललं. तो ओरडला. दगडावर डोकं फुटलं. चंपानं खाली वाकून बघितलं आणि ती गड उतरून निघून गेली, मागं न बघता.

बंडप्पांनी वाकडी बोटं चोळली.

"बरं केलं पोरीनं," ते म्हणाले.

शिवलीलाला हुंदका आला, तो तिला आवरता येईना. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा बापासमोर रडली. नाक पुसून तिनं तेच पान पुन्हा धरलं. "आप्पा, म्या खोटं वाचलं. खरं असं हाय." आणि सुरा टाकला, पाया पडली, गळ्यात पडली, सगळं जसंच्या तसं वाचलं.

बंडप्पांनी मान हलवली.

"कुणी लिव्हलंय हे? असं होत न्हाय," ते म्हणाले. "आधीचंच खरं हाय, लीले. तेच परत वाच."