सावळेरामाच्या साखळीचा वळसा

बोरी बुद्रुकच्या सावळेरामाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण मोजणीची लोखंडी साखळी त्याच्या हातात आली की भलेभले मोजणीदार निर्धास्त होत. तेहतीस फुटांची ती साखळी, तिचे सोळा भाग. त्या भागांना मोजणीवाले आणे म्हणत. डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपून तो कितवा आणा ते सांगे. वीस वर्षांत त्याची रेघ कधी वाकडी गेली नव्हती.

१९०९ सालचा शिमगा झाला आणि जंगलाची हद्द मोजायला त्याची साखळी आंबेगावच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या रानात शिरली. बोरीची सपाट शेतं वेगळी नि हे रान वेगळं! रेघेत येईल ते झाड तोडायचं, पुढचा झेंडा दिसला की साखळी ओढायची. तोडायला होता आहुप्याचाच जानकू कोळी.

एका सकाळी रेघेत अंजनीचं झाड आलं. जानकूनं कोयता उगारला आणि सावळेराम ओरडला, "थांब रं!"

"का? साप हाय?"

"त्या मोडक्या फांदीला मिशा हायत!"

"भाऊ, ऊन लागलं तुमाला," म्हणत जानकू जवळ गेला आणि कोयता खाली टाकूनच उभा राहिला. फांदी नव्हतीच ती! पारव्याहून लहान, सुक्या सालीच्या रंगाचं पाखरू चोच वर करून, डोळे मिटून बसलं होतं. त्याच्या पोटाखाली शेवाळानं मढवलेली, तळहाताहून लहान गादी आणि तिच्यावर एकुलतं पांढरं अंडं.

या कामावरचे मोजणीदार मागून तरातरा आले. "काय खोळंबा आहे?"

"रावसाहेब, वळसा घेऊ. झाड तोडलं तर अंडं जाईल," सावळेराम म्हणाला.

"विहिरीला वळसा घेतात, कातळाला घेतात. पाखराला वळसा बापजन्मात ऐकला नाही!"

"मग असं करा. तिथनंच पाखरू वळखून दावा. दावलंत तर झाड तोडू."

कोसावरचा झेंडा दिसणारे मोजणीदार ते! त्यांनी डोळे बारीक केले. "ते!" ती खरीच वाळकी काटकी निघाली. "मग ते!" तो पाचोळा. जानकूनं हसू दाबायला मुंडाशाचं टोक तोंडात कोंबलं. मोजणीदार चिडून पुढे पुढे आले, नाक टेकेल इतके, आणि समोरच्या ढलपीनं पिवळाजर्द डोळा उघडला. मोजणीदार दोन हात मागे उडाले!

"अरे, हे बघतंय माझ्याकडे! नाव काय याचं?"

"दिसतंच न्हाई, तर नाव कोन देनार?" जानकू म्हणाला.

मोजणीदारांचा आवाज खाली आला. "घे वळसा. पण पुढे आधीच रोवलेल्या हद्दीच्या दगडावरची फुली रेघेला चुकली, तर हे झाड तोडून पुन्हा मोजायचं. आणि साखळी दुसऱ्याच्या हाती."

सावळेरामानं साखळी उचलली. त्यानं साखळीचा तीन, चार, पाच आण्यांचा त्रिकोण ताणला. काटकोन आपसूक उभा राहिला. चार आणे बाजूला. पुन्हा काटकोन, दोन साखळ्या सरळ पुढे. पुन्हा काटकोन, चार आणे आत. वितीची चूक इथे झाली, तर दगडापाशी हातभर होणार! त्यानं प्रत्येक खुंटी दोनदा तपासली, एक उपटून बोटभर सरकवून ठोकली. मग शेवटचा काटकोन आणि मूळ रेघेवर सात साखळ्या करवंदीच्या जाळ्यांतून. अंगरखा फाटला, गुडघा फुटला, साखळी मात्र सैल पडली नाही.

शेवटचा झेंडा त्यानं दगडापाशी रोवला. मोजणीदारांनी मागच्या झेंड्यांवरून नजर लावली, मग स्वतः वाकून दगड पाहिला. झेंड्याचं टोक फुलीच्या चार रेघा मिळतात तिथे होतं.

"लई भारी, भाऊ!" जानकूनं आनंदानं आरोळी ठोकली.

"हळू बोल, गाढवा!" मोजणीदार त्याच्यावर खेकसले. "तिकडे अंडं उबतंय."