मामाजी, मी आणि गाडीचा विमा

मंडळी, आज गडचिरोलीच्या कोर्टात चक्क सासऱ्यासोबत, म्हणजे आमच्या मामाजींसोबत, उभा राहून आलो!

गाडी मामाजींनीच लग्नात दिलेली. कागदपत्रं अजून त्यांच्या नावावर, चालवतो मी. मागच्या आठवड्यात पोलिसांनी अडवलं, तेव्हा समजलं की विमा कधीचाच संपला.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "विमा का नाही काढला?"

मामाजी म्हणाले, "मले वाटलं, जावईबापू काढतीन."

मी म्हटलं, "मले वाटलं, मामाजी काढतीन."

"मग एकमेकांना विचारलं का नाही?"

मामाजी हळूच म्हणाले, "जावयाले असं विचारनं बरं दिसते का, साहेब?"

माझंही उत्तर तेच होतं, फक्त जावयाच्या जागी सासरा. साहेबांनी दोघांनाही दंड केला.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला, पण विम्याचा विषय कोणीच काढला नाही. मामाजी आरमोरीच्या बसमध्ये बसले. मी गुपचूप जाऊन विमा काढला आणि इथी नेट कॅफेत येऊन हे लिहून राह्यलो.

आत्ताच बायकोचा फोन आला. "अहो, बाबांनी आरमोरीत उतरल्याबरोबर विमा काढला. तुमाले सांगू नको म्हणाले."

एका गाडीचे दोन विमे! आता हे मामाजींना कोण सांगन?